कावळा शिवेपर्यंत

बँकॉकहून मी एकटी परत आले, तेव्हा दिग्रसच्या घरात सासूबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "पिंडाले कावळा शिवला काय?"

मी ओसरीवरच उभी होते. मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं दारव्हा, दारव्ह्याहून बसनं दिग्रस, असा प्रवास करून आले होते आणि हातातली पेटी अजून खाली ठेवली नव्हती. मला खरंच माहीत नव्हतं. ह्यांच्या दहाव्याला मी स्वतः तापानं पडून होते. हे नोकरीला होते त्या पेढीतल्या चार माणसांनी आणि तिकडच्या देवळातल्या एका उत्तरेकडच्या पंडितजींनी सगळं उरकलं होतं. मला कुणी कावळ्याचं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तसं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.

त्या दिवसापासून वर्षभर त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. आपला पोरगा तृप्त होऊन गेला, की काहीतरी मागायचं राहून गेलं? पिंडाला कावळा शिवला नाही तर इच्छा राहिली, हे आपल्याकडे सगळेच मानतात. पण त्यांच्या बाबतीत निकालच लागला नव्हता. ना हो, ना नाही. मुलाचं शेवटचं दर्शन नाही, राखेला हात लावायला मिळाला नाही, निदान एवढं तरी कळावं, असं त्या म्हणायच्या. आणि सांगणारी एकटी मी होते.

आता आधीचं सांगते. लग्नाच्या वेळी हे दिग्रसच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे. टायपिंग चांगलं, अक्षर त्याहून चांगलं. त्या व्यापाऱ्याच्या सोयऱ्याची बँकॉकात कापडाची पेढी होती आणि त्यांना भरवशाचा माणूस हवा होता. त्या वेळी अजून मुंबईचं द्विभाषिक राज्य होतं. आमच्या गल्लीत बँकॉक कुठे आहे ते शाळेच्या हेडमास्तरांनाही नकाशा काढून बघावं लागलं. सासूबाईंना "रंगूनच्या पलीकडे" असं सांगितलं. रंगून त्यांनी ऐकलेलं होतं, त्यामुळे त्यांना जरा धीर आला.

मी कळंबची. देवळाच्या कुंडात साचतं त्याहून जास्त पाणी मी जन्मात एका जागी पाहिलं नव्हतं. आणि तिथे आम्हाला राहायला मिळालं ते कालव्यावरचं लाकडी घर. खांबांवर उभं, खाली पाणी. पुढच्या दाराच्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरायच्या. पहिले आठ दिवस मी कठडा सोडला नाही. रात्री फळ्यांखाली पाणी डुचमळायचं आणि मी ह्यांचा हात धरून पडायची. हे म्हणायचे, "अगं, घर आहे ते, होडी नाही."

आणि मग हळूहळू मला तिथे आवडायला लागलं. हे मी आजही दबक्या आवाजात सांगते. परदेशात गेलेल्या बाईनं घरची आठवण काढून रडावं, पापड-लोणच्यासाठी झुरावं, अशी आमच्याकडे अपेक्षा. मी झुरले नाही. सकाळी कालव्यातून एक बाई होडी वल्हवत यायची. डोक्यावर बांबूच्या पात्यांची पसरट टोपी, होडीत कोळशाची शेगडी, भाज्या, फळं, शिजवलेलं अन्न. पायरीशी होडी लावून ती तिथल्या तिथे वाफाळतं काहीतरी वाडग्यात भरून द्यायची. मी दोन बोटं दाखवायची, ती तीन वाडगी भरायची आणि हसायची. स्वयंपाक न करता सकाळ उजाडते, हे मला ठाऊकच नव्हतं. कच्च्या कैरीला तिखट-मीठ-साखर लावून ती कागदात द्यायची. पिकल्या आंब्याबरोबर नारळाच्या दुधातला चिकट भात द्यायची. आमरसाशिवाय आंब्याला गती नाही असं मानणाऱ्या घरातली मी, तो भात खाऊन गप्पच बसले.

तिथे मला कुणी "अजून काही नाही का?" असं विचारलं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि दिग्रसला पाण्याला गेलं तरी चार जणी पोटाकडे बघायच्या. तिथली घरमालकीण माझ्या दुप्पट वयाची. दुकान तिचं, गल्ला तिचा, नवरा तिच्या हाताखाली. तिनं मला फक्त केसांत माळायची पांढरी फुलं दिली आणि पोहायला येतं का, एवढंच खुणेनं विचारलं.

सगळ्यांत मोठं सुख मात्र सांगायला अगदी साधं आहे. आम्ही दोघं एकत्र जेवायचो. दिग्रसला पुरुषांच्या पंगती उठल्यावर आम्ही बायका बसायचो, आणि मी धाकटी म्हणून सगळ्यांत शेवटी. कढी उरली तर उरली. तिथे ना दीर, ना जाऊ, ना कुणाचं लक्ष. संध्याकाळी हे पेढीवरून आले की आम्ही पायरीवर पाय पाण्यात सोडून बसायचो, आणि हे म्हणायचे, "तू आधी घे." मला आधी घेताच यायचं नाही. शिकावं लागलं.

आता माशाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दोन्हीकडची घरं शाकाहारी, आणि सासरचं जरा जास्तच. होडीवालीकडून मी फक्त शाकाहारी दिसेल तेच घ्यायची. महिनाभर बोटं चाटून खाल्ल्यावर घरमालकिणीनं तिच्या स्वयंपाकघरात मला एक बाटली दाखवली. त्या भाजीत, त्या शेवयांत, त्या कैरीच्या कोशिंबिरीतही जे खारट तपकिरी पाणी पडत होतं, ते मासे मुरवून काढलेलं होतं. तिकडे मिठाऐवजी तेच घालतात. मी दिवसभर रडले. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे पांढरे पडले. दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी होडीतलं काही तोंडात घातलं नाही. मी घरी शिजवीन तेच.

माझं उलटं झालं. आठ दिवस मी तोंड बांधून बसले, नवव्या दिवशी वाटलं, बुडाला तो धर्म बुडालाच, आता काठावर बसून काय उपयोग? आणि होडीवालीकडे बोट दाखवलं. बांबूच्या छोट्याशा टोपलीत दोन दोन मासे, मावेनात म्हणून माना मोडून बसवलेले. तिनं ते तळून दिले. देवाशपथ सांगते, मला आवडले. इतके आवडले की माझी मलाच भीती वाटली.

ह्यांच्यापासून लपवायचं नाही असं ठरवलं होतं. रागावतील असं वाटलं होतं, पण रागावले नाहीत. उलट पुढे दर शनिवारी पेढीवरून येताना हेच ती टोपली घेऊन यायचे. स्वतः शिवायचे नाहीत असंही नाही. मला काटे काढता यायचे नाहीत, घशात अडकायचे, तर हे पायरीवर बसून सफाईनं काटा सोडवायचे आणि तुकडे माझ्यापुढे ठेवायचे. मी म्हणायची, "एवढं करता तर एक घास घ्या की." हे म्हणायचे, "नको. तू खा." मी त्यांना सोवळेबुवा म्हणायची. काशीला जाऊन बसा म्हणायची. मी मुळात तोंडाळ, आणि ते चिडत नाहीत म्हटल्यावर जास्तच चिडवायची. एकदा मी फार मागे लागले तर हे म्हणाले, "सवय नाही गं." तेवढ्यावर मी सोडून दिलं.

तीन वर्षं अशी गेली. चौथ्या वर्षी चैत्रात, तिकडे लोक एकमेकांच्या अंगावर पाणी ओतून सण करतात तो होऊन आठवडा झाला असेल, ह्यांना ताप आला. विषमज्वर. अठराव्या दिवशी गेले. मला त्यापुढचं नीट आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

दिग्रसला परत आल्यावर माझं बोलणंच बदललं. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, त्याचं दुःख होतंच. पण आपण सुखात होतो हे लपवायचं, ही एक वेगळीच शिक्षा होती. शेजारच्या बायका बसायला यायच्या आणि विचारायच्या, "तिकडे कसं काय होतं?" मी चुकून एकदा फुलांचं सांगायला लागले, तर जाऊबाईंनी डोळ्यानं खूण केली. बाया उठून गेल्यावर त्या म्हणाल्या, "नवरा गेला अन् तू तिथल्या मजा काय सांगून राह्यली? लोक काय म्हणतील?" त्यांचं चुकलं नव्हतं. लोक तेच म्हणाले असते.

पण सासूबाईंना तेच हवं होतं. दुपारी जाऊबाई झोपल्या की त्या धान्य निवडायचं सूप घेऊन माझ्याजवळ बसायच्या. "काय खाये तो?" "हसे काय?" "पाण्यात उतरे काय?" मी मोजूनमापून द्यायची. आंबा आणि भात सांगितला. भाजलेली केळी सांगितली. सणाच्या दिवशी एका म्हाताऱ्यानं अदबीनं ह्यांच्या खांद्यावर पाणी ओतलं आणि हे ओलेचिंब होऊन हसत घरी आले, ते सांगितलं. त्या दिवशी सासूबाईही हसल्या. मग सुपात डोळे घालून पुन्हा तेच म्हणाल्या, "मग मागे काय राह्यलं असंन त्याचं?" मासे मी अर्थातच सांगितले नाहीत. सूनबाईनं तिकडे काय खाल्लं हे कळलं असतं तर मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नसतं, आणि माझं दुसरं घर नव्हतं. वडील कळंबला थकले होते, भावाचा संसार दोन खोल्यांचा.

वर्षश्राद्ध आलं. सासूबाईंनी महिनाभर आधीपासून तयारी मांडली. ह्या वेळी कावळा त्यांच्या डोळ्यांसमोर शिवणार होता. मोठे दीर दारव्ह्याला कोर्टात कारकून होते, ते दोन दिवसांची रजा घेऊन आले. गुरुजी आले. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, पाटवड्या, लाल भोपळ्याची भाजी, सगळं झालं. शिवाय सासूबाईंनी ह्यांना लहानपणी आवडायचं ते सगळं स्वतः केलं. कैरीचा टक्कू, मुगाची भजी, गुळाचा सांजा. पळसाच्या पानावर सगळं वाढून परसातल्या भिंतीवर ठेवलं तेव्हा अकरा वाजले होते.

कावळे होते. समोरच्या कडुनिंबावर सात-आठ तरी बसलेले होते. एकही खाली आला नाही.

पहिला अर्धा तास कुणाला काही वाटलं नाही. मग दिरांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आईची काळजी करू नको, मी आहे." कावळे हलले नाहीत. गुरुजींनी सुचवलं, पत्नीचं बोला. दीर म्हणाले, "तुझ्या बायकोले आम्ही अंतर देणार नाही. बहिणीसारखी राहीन ती." मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते. जाऊबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. कावळ्यांनी तेही ऐकलं नाही. मग घराच्या हिश्श्याचं झालं, लहान नणंदेच्या बाळंतपणाचं झालं, ह्यांच्या पेटीतल्या पुस्तकांचं झालं. आपलं माणूस जिवंत असताना आपण त्याला इतक्या गोष्टी कधी विचारत नाही.

एक वाजला. वैशाखाचं ऊन म्हणजे काय ते आमच्याकडच्यालाच कळेल. भिंतीवरची खीर वाळून तिच्यावर साय धरली होती. गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, ते म्हणाले, "गाईला घाला, तेही शास्त्रात आहे." दीर तयार झाले. सासूबाई म्हणाल्या, "नाही." त्या परसात डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. वय साठीच्या आसपास, त्यात वर्षभर खाल्लंप्यालं अंगी न लागलेलं. जाऊबाई दोनदा पाणी घेऊन गेल्या, दोनदा परत आल्या. दीर मला म्हणाले, "तुम्ही तरी सांगा. चक्कर येऊन पडेल ती." मी काय सांगणार होते? मी काही सांगितलेलं त्यांनी ऐकलं असतं तर एकच गोष्ट ऐकली असती, आणि ती मला माहीत नव्हती.

दोनच्या सुमारास त्या स्वतःच उठून आत आल्या. चुलीपाशी मी उभी होते. त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, तुले माहीत आहे. तू होती तिथं. त्याले काय पाहिजे ते सांग. मी कोणाले बोलणार नाही."

मी सांगायला तोंड उघडलं. आंबा-भात म्हणणार होते. माझ्या डोक्यात तेच होतं, असं मी आजपर्यंत स्वतःला सांगत आले आहे. पण मीही सकाळपासून उपाशी होते, वर्षभर मी शेवटच्या पंगतीला एकटी बसत होते, आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ती पायरी होती. तोंडातून निघालं, "मासा."

ही माझी इच्छा होती, त्यांची नव्हती. आता ह्या किंचाळतील, मला धक्के मारून घराबाहेर काढतील, असं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे मेलेल्या माणसावर मी खोटा आळ घेतला होता, आणि तोही त्याच्या आईसमोर. शब्द मागे घ्यायला मी "तसं नाही, आई" म्हणेपर्यंत त्या वळल्यासुद्धा होत्या.

परसात जाऊन त्या पानापुढे उभ्या राहिल्या. कडुनिंबाकडे बघून म्हणाल्या, "सुटली रे. माही शपथ सुटली. खा आता." मला काही कळलं नाही. दीरही बघत राहिले. मग त्या दिरांकडे वळल्या. "भोईपुऱ्यात जा. कोणाच्याबी घरी शिजला असंन. घेऊन ये."

"काय घेऊन येऊ?"

"मच्छी."

दिरांचा चेहरा मी विसरणार नाही. "आई, श्राद्ध आहे आज. डोकं ठिकाणावर आहे काय तुझं?" गुरुजींनी उपरणं सावरलं आणि मागच्या दारानं निघून गेले. दीर म्हणाले, असल्या गोष्टी ह्या घरात होणार नाहीत. सासूबाई भांडल्या नाहीत. त्यांनी पायात चपला घातल्या आणि भर उन्हात स्वतः निघाल्या. भोईपुरा, म्हणजे नदीकडची मासे धरणाऱ्यांची वस्ती, काही लांब नाही, पण त्या उन्हात त्या बाईच्यानं तेवढंही झालं नसतं. मी मागोमाग धावले. माझा शब्द, तेव्हा मीच जायला हवं होतं. विधवा सून श्राद्धाच्या दिवशी भोईपुऱ्यात निघाली, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं.

एका भोईणीनं आम्हाला दारात पाहून आधी हातातलं काम टाकलं. सासूबाईंनी तिला सरळ सांगितलं. चुलीवरच्या तव्यावरचे दोन तुकडे तिनं पळसाच्या पानात बांधले, आणि सासूबाईंना शिवणार नाही अशा बेतानं माझ्या हातावर ठेवले. वर्षानंतर तो वास आला आणि मला शरम वाटली, कारण माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

सासूबाईंनी एक तुकडा आपल्या हातानं पानावर ठेवला. हात मागे घेतला नाही तोच कावळा उतरला. एक, मग दुसरा, मग सगळे. खीरही गेली, वडेही गेले. मासा दिसला तर कावळे येणारच, त्यात कुणाच्या आत्म्याचं काय? हे मला तेव्हाही कळत होतं. दिरांनाही कळत असावं, पण आईकडे बघून तेही गप्प झाले. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सगळ्यांची जेवणं झाली तेव्हा चार वाजले होते. सासूबाईंचं पान मी स्वयंपाकघरात मांडलं. त्या बसल्या, पण हात लावेनात. आम्ही दोघीच होतो. मग त्यांनी सांगितलं.

हे सात वर्षांचे असताना भोईपुऱ्यातल्या एका सवंगड्याच्या घरी मासा खाऊन आले होते. एकदा नाही, बरेचदा. कुणीतरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चुलीतली राख घेऊन पोराचं तोंड रक्त येईपर्यंत घासलं. मग त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि वदवलं : पुन्हा खाल्लं तर आईचं मेलेलं तोंड पाहीन.

"तवापासून त्यानं नाव नाही घेतलं," सासूबाई म्हणाल्या. "मले वाटलं, विसरला. लेकरू कधी विसरते काय? मी विसरून गेलती. शपथ सोडवायची राहून गेली."

मी तशीच उभी राहिले. हातात भाताचं पातेलं होतं. सवय नाही गं, असं ते म्हणाले होते आणि मी त्यांना सोवळेबुवा म्हणाले होते.

सासूबाईंनी मान वर केली. "एक खरं सांग. तिथं तरी खाल्लं ना त्यानं? पोटभर खाल्लं ना?"

मी नाही म्हणाले असते तर खरं झालं असतं. पण मग त्यांना कळलं असतं की सात वर्षांच्या पोराला घातलेली शपथ त्यानं समुद्रापलीकडे जाऊनही पाळली, आणि त्यांच्यामुळे उपाशी राहिला. हो म्हणाले, तर शपथ मोडली, आणि शपथ मोडल्यावर कुणीतरी मरायचं असतं. कुठल्याही बाजूनं गेलं तरी त्या बाईलाच लागणार होतं. एवढी लाचार मी ह्यांच्या आजारपणातही नव्हते. तिथे निदान डॉक्टर तरी होता.

"खाल्लं," मी म्हणाले. "पोटभर. दर शनिवारी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग मी मेली काहून नाही?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"माहं मेलेलं तोंड पाहाचं होतं त्याले. त्याचंच झालं. अन् मले तेबी पाहाले नाही भेटलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग जरा वेगळ्या आवाजात, जणू कुणाशी भांडण मिटवत असल्यासारख्या म्हणाल्या, "म्हंजे शपथ खोटीच असते म्हणाची. मी तर जित्ती आहो. त्यानं खाल्लं, अन् मी जित्ती आहो. बरं झालं खाल्लं."

त्यांनी पान जवळ ओढलं, कढीभात कालवला आणि त्या दिवसाचा पहिला घास घेतला. मग दुसरा. वर्षभरात त्यांना इतकं नीट जेवताना मी पाहिलं नव्हतं. त्यांची शपथ ह्यांनी जाणूनबुजून एकदाही मोडली नव्हती, आणि हे आता जगात फक्त मला माहीत होतं. सासूबाईंनी पानावरचा भात संपवला.

"अजून थोडा दे," त्या म्हणाल्या. मी वाढला.